चेहऱ्याला पंचवीसची फिल्म

पंचवीसची? चेहऱ्याला? — थांब, तिथं नको बसूस, ती सिटिंगची खुर्ची आहे, तिचे पुढचे पाय मी मुद्दाम कापून घेतलेत म्हणजे माणूस ऐसपैस रेलत नाही, मान पुढं येते आणि हनुवटी सुटते. तू त्या स्टुलावर बस. कोट काढ, हीटर चालू आहे. आणि मॅडम नको म्हणूस बाबा, ह्या जर्सी सिटीत मला मॅडम फक्त टॅक्सवाले म्हणतात. काकू म्हण. शरयूकाकू. सगळे तेच म्हणतात, तोंडावर तरी, मागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे. तर काय सांगत होते — पंचवीसची. अरे, ती फिल्म निघून वर्ष नाही झालं आणि जो उठतो तो तीच घेऊन येतो. असू दे, असू दे, पाकीट माझ्या हातात असू दे, बघते मी तुझे निगेटिव्ह, मोठा प्रिंट हवाय ना, ऐकलं मी. पण आधी मला हे कळू दे की एखादा शिकलासवरलेला मुलगा दुकानात जातो, त्याला मुलीचं पोर्ट्रेट काढायचंय हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि तरी तो म्हणतो पंचवीसची द्या, तर त्या वेळी त्याच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं?

नको, तू नको सांगूस, मीच सांगते. मासिकात वाचलंस. जगातली सगळ्यात बारीक ग्रेनची रंगीत निगेटिव्ह फिल्म, असं मोठ्या अक्षरात छापलं होतं आणि खाली एका पोपटाचा फोटो होता. इंजिनिअर ना तू? मेकॅनिकल की — मटेरियल्स. म्हणजे आणखी वाईट. तुम्हा लोकांना आकडा दाखवला की तुम्ही गार. ग्रेन बारीक ना, मग झालं, फिल्म चांगली. आता ग्रेन म्हणजे काय तर फिल्मवरचा दाणा, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कळतं ना? चारशेच्या फिल्मवर चेहरा काढला आणि मोठा केला की तो रव्याच्या लाडवासारखा दिसतो, मान्य. पंचवीसवर काढलास तर भिंतीएवढा केलास तरी दाणा दिसणार नाही, तेही मान्य. पण दाणा दिसणार नाही म्हणजे बाकीचं काय काय दिसेल? पुटकुळी दिसेल. दाढीचं खुंट दिसेल. परवाचं जागरण, लहानपणीच्या कांजिण्या, नाकाच्या कडेला राहिलेली पावडर, सगळं दिसेल, आणि वर सावल्या काळ्याकुट्ट आणि लाल रंग असा की माणूस भांडून आलाय. ती फिल्म डोंगरासाठी आहे रे. पानांसाठी आहे, बोटींसाठी आहे, तुमच्या त्या पोपटासाठी आहे. डोंगराचं लग्न जमवायचं नसतं. त्याचे सगळे खड्डे दिसले तरी कुणाचं काही अडत नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीत येऊन बघ एकदा. निम्मे पुरुष गळ्यात कॅमेरा अडकवून उभे. मॅनहॅटनला जायचं, घासाघीस करून लेन्स आणायची, हाताएवढी लांब, आणि तिच्यातून काय टिपायचं तर स्वतःची बायको, ती पण बटाट्याची भाजी वाढताना, समोरून फ्लॅश मारून. बाई अशी दिसते की पोलिसांनी पकडलीय. मग तेच मला विचारणार, शरयूताई, तुम्ही कुठली लेन्स वापरता हो? मी म्हणते मी डोळे वापरते. हसतात. विनोद वाटतो त्यांना. — तिकडे काय बघतोस सारखं? इकडे लक्ष दे, तुझ्याच फायद्याचं सांगतेय.

हा माझा फ्रिज. उघड. उघड की, लाजतोस काय? वरच्या कप्प्यात काय आहे? फिल्म. एकशेसाठची, पोर्ट्रेटसाठी बनवलेली, थंड ठेवावी लागते नाहीतर रंग सरकतात. आणि शेजारी कैरीचं लोणचं, कारण वरच्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये आमच्या ह्यांची औषधं आणि चीज ह्यांनी जागा उरत नाही. ती एकशेसाठची मी शंभरची समजून काढते. म्हणजे कंपनी सांगते त्याहून थोडा जास्त उजेड देते. रंगीत निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तर ती कुरकुर करत नाही, कमी पडला तर मात्र सावल्यांचा चिखल होतो, आणि आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर सावल्या असतात बाबा, आपण काही मैद्याचे नाही. हे इथल्या लॅबना कधी कळलं नाही. त्यांच्या यंत्राला एकच चेहरा शिकवलाय, गुलाबी. आपला माणूस त्यातून काढला की एकतर विटकरी होऊन येतो नाहीतर राखेसारखा. कोकणस्थाचा जपानी होतो आणि देशस्थाची वीट. म्हणून मी लॅबला देतच नाही. मागं ती काळ्या पडद्याची खोली आहे ना, तिथं मी स्वतः प्रिंट करते. पूर्ण अंधारात. ह्या रंगीत कागदाला लाल दिवासुद्धा चालत नाही. आमचे हे म्हणतात, तू आत गेलीस की मेलीस का जिवंत आहेस तेसुद्धा कळत नाही.

बघतोस तर बघ आता नीट, तुझी मान काही त्या भिंतीवरून हलत नाही. आवडला ना? सगळ्यांना आवडतो. जो येतो तो आधी त्या फोटोपुढं थांबतो. ती दीपा, माझी मुलगी. एकशेसाठची फिल्म, शंभरला काढलेली, मोठा कॅमेरा, एक दिवा पडद्यामागून आणि दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला नुसता पांढरा थर्मोकोल. त्वचा बघ. बघ ना जवळ जाऊन. कुठं काही आहे? नितळ. आणि तरी प्लॅस्टिक वाटत नाही, गालावरची ती बारीक लव दिसतेय. ह्याला म्हणतात पोर्ट्रेट. ह्यात फिल्म कुठली हे कुणी विचारत नाही, लोक विचारतात मुलगी कुणाची. पुण्याहून सरळ विचारणा आल्या होत्या, एकदोन नाही. — आहे ना, असते मिशिगनला. शिकतेय अजून, पब्लिक हेल्थ का काहीतरी. तू कुठून आलास म्हणालास? ॲन आर्बर. हो, म्हणजे तेच, पण मोठं गाव आहे, तीस हजार पोरं आहेत तिथं, तुला कुठली भेटतेय ती. फार बिझी असते. फोनवर सापडत नाही. आता मुलांना फोन केला की मशीन उचलतं, मशीनशी काय बोलायचं, मी बोलत नाही. पुढंमागं येईल सुट्टीत. मागच्या दिवाळीला नाही जमलं तिला. त्याच्या आधीच्यालाही — राहू दे, तो विषय कुठं काढलास.

तर पोर्ट्रेट कशासाठी असतं? सांग. तुमचं उत्तर येणार की आठवण म्हणून. काही आठवणबिठवण नाही. आपल्यात पोर्ट्रेट पाठवण्यासाठी असतं. त्या ट्रंकेत दोन साड्या आहेत, एक मोरपंखी पैठणी आणि एक मरून कांजीवरम, दोन्ही माझ्याच. ह्या इथल्या मुली येतात जीन्स घालून, स्नीकर्स घालून, आई ढकलत आणते, आणि त्या जीन्सवरूनच मी साडी पिनांनी लावते, फोटो कंबरेपर्यंतच असतो, खाली कोण बघतंय. एकदा काय झालं, पुण्यातल्या एका बाईंकडे मुलासाठी अमेरिकेतल्या तीन मुलींचे फोटो गेले. तिघींच्या अंगावर हीच पैठणी आणि तिघींच्या गळ्यात हाच तन्मणी. बाईंना वाटलं एकच मुलगी तीन नावांनी स्थळं शोधतेय. बाई रागावल्या. मला फोन आला, ट्रंक कॉल, म्हणे हे काय चालवलंय. मी म्हटलं, बाई, साडी बघू नका, चेहरा बघा. हसतोस काय? एका मुलीचं जमलं त्यातून, दोन मुलं आहेत तिला आता, एडिसनला असते.

आणि येताना काय सांगतात माहीत आहे? थोडं गोरं करा. दरवाज्यातून आत पाऊल टाकायच्या आधी. जास्त उजेड देऊन गोरं होतं असं ह्यांना वाटतं. अरे, प्रिंट करताना मी तो उजेड परत काढून घेतेच, पण सांगत बसत नाही, हो म्हणते. मूर्ख माणसाला हो म्हणण्यात कमी वेळ जातो. खरं काम असतं ते नंतर. ते बघ, त्या चिनी मातीच्या ताटलीत रंग आहेत, बारीक ब्रश आहेत, तीन केसांचा आहे एक. प्रिंट सुकला की ब्रशनं एकेक खूण भरून काढायची. पुटकुळी, भाजल्याचा व्रण, देवीचे वण. एकदा एकाचं ओठाचं टाक्याचं काम झालं होतं लहानपणी, ते असं भरून दिलं मी की त्याच्या आईला रडू आलं. खोटं म्हणतात लोक. कसलं खोटं? तू पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतोस ना? पसारा खरा असतो म्हणून तसाच ठेवतोस? मला असल्या खऱ्याखोट्याच्या गप्पा मारणाऱ्यांचा भयंकर कंटाळा येतो. आमच्या घरातही होतं एक माणूस तसलं.

चल, उघडते हे तुझं पाकीट. अंगठा नको लावूस मधे, कडेनं धर, असं. ह्या पेटीवर ठेवायचं, खालून दिवा लागतो, आणि ह्या भिंगातून बघायचं. मला प्रिंट लागत नाही, निगेटिव्ह वाचता येतं मला, तुम्ही वर्तमानपत्र वाचता तसं. हं. बघू या साहेबांनी काय दिवे लावलेत. — खिडकीशी बसवलंयस. बरं. दुसऱ्या बाजूला काही नाही लावलंस, साधा पांढरा टॉवेल वाळत घातला असतास तरी चाललं असतं, अर्धा चेहरा गेला अंधारात. मागं पुस्तकांचं कपाट, कशाला, आम्ही वाचतो हे दाखवायला? मुलगी आपलीच दिसतेय. केस मोकळे, तेल नाही, काही नाही. फोकस — फोकस बरा आहे. डोळ्यावर आहे, जिथं असायला हवा तिथं. निदान तेवढं तरी. दात दिसताहेत, हसतेय म्हणजे, काळे दिसतात इथं, उलटं असतं सगळं, केस पांढरे आणि दात काळे. आणि हे बघ, हे बघ तुमच्या त्या लॅबचं काम, डाग पाडून ठेवलाय. इथं ओठाच्या कोपऱ्यापाशी, केवढा मोठा, काळा. केमिकलचा थेंब राहिला असणार, धुतलं नाही नीट. काय लोक असतात. मुलीच्या नेमक्या तोंडावर. पुढच्या फ्रेमला बघू, एवढीच खराब झाली असेल तर दुसरी —

पुढच्यातही आहे.

धूळ नाही. थेंब पुढच्या फ्रेमला त्याच जागी कसा पडेल. इथं तिनं मान वळवलीय तर तोही वळलाय. ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, आणि खाली तो एक सुटा, लांबट. निगेटिव्हवर काळं म्हणजे खरं तर पांढरं.

तो रेडिओ बंद कर जरा. त्या बटणानं. डावीकडे फिरव.

नाव काय म्हणालास तू? श्रीराम. श्रीराम, आणि नागपूरचा, आणि ॲन आर्बरला शिकतोस. आणि आल्यापासून भिंतीकडे बघतोयस आणि मला वाटतंय ह्याला माझं काम आवडलंय. मीही काय. अर्धा तास बोलतेय मी ह्याच्याशी, पोपट काय, लाडू काय, आणि हा मान डोलावतोय. पत्ता कुणी दिला? मंडळातल्या कुणीतरी दिला हे मघाशी सांगितलंस ते ठेव बाजूला. — आमच्या ह्यांनी. बरोबर. तरीच दर शनिवारी ह्यांना गॅरेजमधला पसारा आवरायचा असतो, फोनची लांब वायर घेऊन. पसारा काही आवरत नाही. दीपानं पाठवलं तुला? — नाही. तिला माहीतच नाही तू इथं आलायस. ॲन आर्बरहून इतकं लांब ड्राइव्ह करून आलास, तिला न सांगता, पंचवीसची फिल्म घेऊन, माझ्याकडे. शहाणा आहेस का वेडा आहेस हे मला कळत नाही, आणि मला ते सहसा लगेच कळतं.

कोड आहे तिला. माहीत आहे ना? — काय पण विचारते मी, निगेटिव्ह तूच काढलंयस. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही, आत्ता पहिल्यांदा मी मोठ्यानं म्हटला असेन. नऊ वर्षांची होती. सकाळी शाळेला निघाली तर ओठाला पांढरं, मुगाच्या डाळीएवढं. मी म्हटलं टूथपेस्ट आहे, टॉवेल ओला करून पुसलं. जाईना, तर आणखी घासलं, पोरगी ओरडायला लागली. मी बी.एस्सी. आहे, मला नको सांगूस ते लागत नाही आणि त्यानं काही होत नाही. मला माहीत आहे. पुण्याला माहीत आहे का? तिथं असं आहे की एका मुलीला असलं की तिच्या चुलत बहिणींचीसुद्धा लग्नं अडतात. तुमच्या नागपूरला काय वेगळं आहे? तुझ्या आईला सांगितलंयस? — सांगितलंयस. आणि? — तर मग. नाही बोलली ना चार दिवस? मग मला कशाला दोष देता सगळे?

मी काय केलं? फोटो काढला. तिला नीट वळवून बसवली, ती बाजू दिव्यापासून लांब, मऊ फिल्म घेतली, आणि प्रिंटवर ब्रश फिरवला. तिच्यासाठी फिरवला, माझ्यासाठी नाही. लोक आधी चेहरा बघतील, शिक्षण बघतील, मग बोलताना सांगता आलं असतं हळूच, आधी माणूस आवडू दे, मग सांगू. एवढाच हिशेब होता. चार प्रती करून पाकिटात घातल्या होत्या, तिकडे त्या टेबलावर होत्या, आणि ही सुट्टीला आलेली, स्टेपलर शोधत खाली आली. फोटो हातात घेतला, बघितला. आणि मला विचारते, हूज दिस? मी म्हटलं, अगं तूच की, परवा नाही का काढला. तर परत तेच. आई, हूज दिस? दिसतेस तर छान, म्हटलं. संध्याकाळची बस पकडून गेली, जेवली पण नाही, वांग्याची भाजी केली होती तिच्यासाठी. हूज दिस म्हणे. स्वतःचा चेहरा ओळखू येईना तिला. हा तोच फोटो, भिंतीवरचा. मी उतरवला नाही. मी का उतरवू? माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते.

दे ते भिंग परत. — शटर किती वेळ उघडं होतं? नुसतं आठवून सांग. अर्धा सेकंद. स्टँडवर होता कॅमेरा, ठीक, पण ती? पंचवीसची फिल्म, तिला उजेड लागतो ढीगभर, त्यात थंडीतला उजेड, अर्धा सेकंद. माणूस श्वास घेतो तेवढ्यात. ही पोरगी माझ्यापुढं पापणी स्थिर ठेवायची नाही. दीपा हलू नको, दीपा हनुवटी खाली, दीपा तिकडे वळ, झाला की नाही आई, झाला की नाही. शेवटी शेवटी मी फ्लॅश लावायचे म्हणजे हलली तरी कळू नये. आणि तुझ्यासमोर अर्धा सेकंद हसत बसली आणि हलली नाही. आणि ती बाजू खिडकीकडे केलीय. तू सांगितलंस तसं कर म्हणून? — आपणहून. बरं.

फिल्म चुकलीच. कुणी काही म्हणो, फिल्म चुकली. आता बघ काय होणार आहे तुझं. तू लॅबला दिलंस ना हे आधी? दाखव. खिशात आहे, दिसतंय मला, कोपरा बाहेर आलाय. — हं. हा पहिला, ह्यात गाल बरोबर आलाय तर डागाच्या जागी नुसता कोरा कागद, भोक पडल्यासारखं. आणि हा दुसरा, डाग बरोबर करायला गेले तर अख्खी मुलगी कोळसा. आणि म्हणून तू आलास. तुमच्या लग्नाच्या हॉलच्या दारात ठेवायचाय तिला हाच, हाच हवा म्हणाली, आणि तिकडे कुणाला जमेना. अरे, कसं जमेल, ह्या फिल्मला मधलं काही दिसतच नाही, एक तर उजळ नाहीतर काळोख. आणि यंत्राला काय माहीत तिथं काय रंग आहे. पांढरा नाहीये तो. सगळ्यांना पांढरा वाटतो. सायीसारखा आहे, कडेला गुलाबी, आणि थंडीत जास्त गुलाबी होतो, आणि हनुवटीखालचा तो सुटा आहे ना, त्यात मधोमध तिचा मूळचा रंग राहिलाय, तिळाएवढा. मी तिथं रंग भरलाय दरवर्षी, वाढदिवसाच्या फोटोत, मंडळाच्या फोटोत, ग्रॅज्युएशनच्या. मला त्याची कड न् कड पाठ आहे. डॉक्टरला नसेल एवढी.

होईल. करता येतं. चेहऱ्याचा उजेड झाला की वरून पुठ्ठा धरायचा, त्याला त्या आकाराचं भोक पाडलेलं, आणि तेवढ्याच जागेला आणखी उजेड द्यायचा, पुठ्ठा हलवत हलवत, कड दिसू नये म्हणून. मग तिथला रंग उतरतो कागदावर. दोनतीन कागद वाया जातील. ब्रश नाही लागणार. — नाही म्हटलं ना, नाही लागणार, उगाच ताटलीकडे बघू नकोस. आणि उठू नकोस पाया पडायला, मला ते आवडत नाही, तुमच्या नागपूरकडे करत असाल.

लग्न कधी आहे ते मला सांगू नकोस. बोलावलं नसताना मी कुठं जात नाही, आणि हे गॅरेजमधून परस्पर माझ्या वतीनं हो म्हणाले असतील तर ते त्यांचं त्यांनी बघावं. फोटो कोण काढणार आहे? मित्र. त्याच्याकडे काय आहे? — चारशेची. देवा. म्हणजे एकाची पंचवीसची नि दुसऱ्याची चारशेची, मधला आकडा तुम्हाला शिकवलाच नाही का कुणी? जाताना फ्रिजमधले पाच रोल घेऊन जा. मधला कप्पा नको, वरचा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, वाफ धरते. शंभरला काढायला सांग त्याला. समोरून फ्लॅश मारलास तर फिल्म परत कर म्हणावं.

आणि तिला काय सांगायचं ते ऐक. आई निवळली, आई रडली, असलं काही सांगितलंस तर बघ, मी रडलेली नाही, तू बघतोयस. सांग की आई म्हणाली फिल्म चुकली. एवढंच. मग पाकिटातून प्रिंट काढ, तिच्यापुढं धर, खिडकीच्या उजेडात धर, ट्यूबखाली नको, आणि विचार तिला, हूज दिस. माझं नाव घेऊ नकोस, नुसतं विचार. काय म्हणते ते मला फोन करून सांग. मशीनवर सांगितलंस तरी चालेल, आमच्याकडेही आहे मशीन, ह्यांनीच आणलंय.

चल, ऊठ आता. प्रिंट सुकायला वेळ लागतो, वरती जा, हे असतील, चहा करतील, त्यांना तेवढा येतो. मला दिवा घालवायचाय. कोट राहिला तुझा. आणि जाताना दार ओढून घे, नीट, खालच्या फटीतून उजेड येतो.